कोरड्या तळ्यावर पुआ आंटी

लास व्हेगासमध्ये तिला पुआनानी अशी पूर्ण नावानं हाक मारणारा एकच माणूस होता, तिचा नवरा क्लाइड. तोही रागावला तरच. बाकी साऱ्या गावाची ती पुआ आंटी. हवाई बेटांवरून या वाळवंटात येऊन वसलेल्या लोकांत वयानं मोठी बाई दिसली की ती आंटीच होते. पण पुआचं आंटीपण त्या पलीकडचं होतं. तिच्या टेबलावर हरून उठणारे परके पाहुणेसुद्धा जाताना म्हणायचे, "येतो आंटी." जणू तिच्याकडे जेवायला आले होते.

तिचं काम कॅसिनोत एकवीसच्या डावाचे पत्ते वाटण्याचं. त्या दालनाला खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही, आत थंडगार हवा आणि यंत्रांची किणकिण. बाहेर दिवस आहे की रात्र, हे तिला गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरून ओळखावं लागे. पाळी संपली की गाडीतळावरून थेट घर, जाड पडदे ओढून झोप आणि उठून पुन्हा काम. तरुणपणी हिलो गाव सोडून ती क्लाइडबरोबर इथे आली, दोन मुली वाढवल्या, त्यांची लग्नं केली. एवढ्या साऱ्या वर्षांत तिनं वाळवंट पाहिलं ते मोटारीच्या काचेतून. कुणी विचारलं तर म्हणायची, "त्यात बघायचंय काय? दगड आणि ऊन!"

आणि नेमकं ते ऊनच तिच्या अंगातून संपलं.

पाय दुखतात, जिना चढवत नाही म्हणून ती दवाखान्यात गेली. रक्त तपासून झाल्यावर तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

"आंटी, तुम्ही राहता कुठे?"

"इथेच. का गं?"

"कारण तुमचं रक्त म्हणतंय की तुम्ही एखाद्या गुहेत राहता. बाहेर एवढं ऊन मातलंय आणि तुमच्या अंगात त्याचा थेंब नाही. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या देते. पण गोळ्या घेऊन पुन्हा पडदे ओढून झोपायचं नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी बाहेर पडायचं आणि पाय चालवायचे."

ही गोष्ट पुआनं शेजारच्या टेबलावरच्या मुलूला सांगितली. मुलू इथिओपियातल्या डोंगराळ मुलखातली, पुआपेक्षा पंधराएक वर्षांनी लहान, आणि बोलायला लागली की समोरच्यानं नुसतं ऐकावं अशी. ती म्हणाली, "बरोबर आहे आंटी. ऊन फुकट मिळतं ना, म्हणून या गावात त्याला कुणी किंमत देत नाही. मंगळवारी तुझी सुट्टी, माझीही सुट्टी. उठ आणि चल."

"कुठे?"

"ते मी ठरवीन. तू फक्त बूट घाल. त्या सोनेरी चपला नकोत."

पहिल्या मंगळवारी त्या लांब गेल्याच नाहीत. धरणाच्या वाटेवरच्या छोट्या गावात एक बाग आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे डोंगरातली रानमेंढरं उतरतात आणि हिरवळीवर खुशाल चरत बसतात. वळलेल्या शिंगांचे ते दांडगे मेंढे पोरांच्या घसरगुंडीखाली सावलीला पडलेले पाहून पुआ बाकावर बसली ती हलायलाच तयार होईना. एक मेंढा टकमक बघत अगदी जवळ आला आणि त्यानं मुलूच्या पिशवीत नाक घातलं. मुलूनं किंचाळून पिशवी छातीशी धरली आणि बाकावर चढून उभी राहिली.

"खाली उतर गं," पुआ हसता हसता डोळे पुसत म्हणाली. "रोज रात्री आपल्या टेबलावर याच्यापेक्षा आडदांड येऊन बसतात. त्यांना भीत नाहीस ती!"

मग मंगळवार कधी चुकला नाही. कधी जुन्या रेल्वेच्या बोगद्यांतून चालत जायचं, गार अंधारातून एकदम बाहेर यावं तर खाली तळ्याचं निळं पाणी. कधी नदीकाठच्या घळीत, खडकातून पाझरणाऱ्या ऊन पाण्यात पाय सोडून बसायचं. कधी तांबड्या दगडांवर कुणा जुन्या लोकांनी कोरलेले हरणांचे कळप शोधायचे. ऐन उन्हाळ्यात, शहराची भट्टी झालेली असताना, दोघी तासाभरात उंच डोंगरावर पोहोचत आणि देवदाराच्या सावलीत शाली पांघरून कॉफी पीत. कॉफी मुलूची. ती दाणे घरून भाजून आणायची आणि छोट्या शेगडीवर तिथंच उकळायची. वास आला की अनोळखी माणसंसुद्धा रेंगाळायची. पुआच्या डब्यात मुसुबी असायची, म्हणजे भाताच्या वडीवर तळलेल्या डबाबंद मांसाचा काप ठेवून समुद्रशेवाळाच्या पट्टीत बांधलेली शिदोरी. मुलूला ती मुळीच आवडायची नाही, आणि तरी प्रत्येक वेळी ती दोन खायची.

क्लाइड मात्र येत नसे. तो एका मोठ्या हॉटेलात थंड हवेची यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेला, आणि थंड हवेवरची त्याची निष्ठा अढळ होती. "तुम्ही जा," तो खुर्चीतून म्हणायचा. "मी ऊन टीव्हीवर बघतो."

असं वर्षभर चाललं. पुआचे पाय सुधारले, चेहऱ्यावर रंग चढला. पण तिच्या आयुष्याला खरं वळण मिळालं ते वाऱ्यामुळे.

वसंतात तिथं वारा सुटतो तो अंगणातल्या खुर्च्या शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकतो. पुआचा त्याच्यावर दातच होता. त्या दिवशी दोघी मुलूच्या भाचीच्या बारशाहून, कॅलिफोर्नियातून परतत होत्या. वारा गाडीला बाजूनं ढुसण्या देत होता आणि मुलू स्टिअरिंग घट्ट धरून तिच्या भाषेत देवाला काहीबाही सुनावत होती. राज्याची हद्द जवळ आली तशी उजव्या हाताला एका कोरड्या तळ्याची मोठी जमीन दिसली. पाण्याचा पत्ता नाही, नुसता वाळून फरशीसारखा सपाट झालेला चिखल. आणि त्यावर पांढरी, पिवळी, तांबडी शिडं पळत होती.

"आंटी," मुलू म्हणाली, "मला उन्हानं भ्रम झालाय की तिथं होड्या आहेत?"

पुआनं मान लांब करून पाहिलं. तिनं काच खाली केली. आणि म्हणाली, "गाडी वळव."

"अगं, पण वारा..."

"वळव म्हटलं ना!"

होड्या नव्हत्या त्या. तीन चाकांच्या बुटक्या गाड्या होत्या, त्यांना डोलकाठी आणि शीड. माणूस त्यात जवळजवळ आडवा बसतो, पायांनी पुढचं चाक वळवतो आणि हातातल्या दोरानं शीड आवळतो किंवा सैल सोडतो. इंजिन नाही, आवाज नाही, फक्त चाकांची घरघर. त्यातल्या बऱ्याच गाड्या व्हर्जिल स्ट्राउड नावाच्या म्हाताऱ्यानं बनवलेल्या होत्या. सुकलेल्या लाकडासारखा काटक गडी, डोक्याला फडकं बांधलेलं. मालट्रक चालवून झाल्यावर तो या तळ्यापाशीच फिरत्या घरात राहायला आला होता.

पुआनं त्याला विचारलं, "मला बसता येईल?"

त्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बारशाचा फुलाफुलांचा झगा, कानात मोती. "वारा कळतो?"

"माझा बाप शिडाच्या होडीतून मासे मारायचा."

"मग काय विचारता? बसा. पण बाई, याला ब्रेक नाही."

"मग थांबायचं कसं?"

"वाऱ्याकडे तोंड करायचं आणि दोर सोडून द्यायचा. शीड फडफडलं की गाडी आपोआप निवते."

"आणि नाही निवली तर?"

"तळं मोठं आहे," व्हर्जिल म्हणाला.

बापाच्या होडीचं पुआ बोलली ते खरं होतं, पण अर्धंच. हिलोच्या किनाऱ्यावर त्यांची उलांडीची होडी होती, एका बाजूला तोल राखायला लाकूड बांधलेली. शीड सांभाळायचं काम भावांचं. मुलींना बाप न्यायचा तो उलांडीवर बसवायला. वारा जोराचा झाला की उलांडी वर उचलते, तिच्यावर वजन लागतं. पुआ आणि तिची थोरली बहीण होकूलानी म्हणजे ते वजन. एकदा पुआनं दोराला हात लावला तर बाप ओरडला होता, "ए, तू नुसती बस! तेवढं जमतंय ना?" ती बसली. त्यात काही वाईट आहे असं तेव्हा वाटलंही नव्हतं. घरोघरी तीच रीत होती.

आता तिच्या हातात दोर होता. तिनं तो हलकेच ओढला. शीड भरलं, गाडीनं एक हिसका दिला आणि जमीन तिच्याखालून धावायला लागली. बूड मातीपासून वीतभर वर. वारा कानांत, माती दातांत. तिनं दोर आणखी ओढला. डावं चाक जमिनीवरून उचललं, तशी ती न शिकवता त्याच बाजूला झुकली, आणि चाक खाली आलं. अंगाला ते ठाऊक होतं! लहानपणापासून अंग तेच तर करत होतं.

मागे मुलू हातवारे करत धावत होती. व्हर्जिल तोंडाभोवती हात धरून ओरडत होता, "दोर सोडा! बाई, दोर!" पण पुआ दोर सोडीना. ती तळ्याच्या पार टोकाशी गेली, मोठा वळसा घेऊन आली, दोघांच्या समोरून सूं करत निघून गेली आणि पुन्हा वळसा घेतला. तिसऱ्या खेपेला त्यांना कळलं की बाई घाबरून ओरडत नाही, ती गाते आहे.

उतरल्यावर तिचा चेहरा मातीनं असा माखला होता की फक्त दात दिसत होते. मुलू म्हणाली, "आंटी, मेलीस असं वाटलं मला!"

"मलाही वाटलं," पुआ म्हणाली. "फार छान वाटतं गं."

घरी क्लाइडनं ऐकून कपाळाला हात लावला. "ज्या वाऱ्यानं आपल्या पडवीचं छप्पर उडवलं, त्याच्याशी सोयरीक जोडलीस? या वयात हाड मोडलं तर?"

"तर तू भात रांधशील."

"मला भात येत नाही!"

"म्हणून तर मी हाड मोडून घेणार नाही."

पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुआ वाऱ्याची जाणती झाली. डोंगरापलीकडून धूळ उठली की किती वेळात तळ्यावर पोहोचेल, हे तिला अंगावरच्या केसांवरून कळे. व्हर्जिलनं तिच्यासाठी तिच्या उंचीची गाडी जोडून दिली. एकदा त्या गाडीचं चाक कुरकुरू लागलं म्हणून तिनं ते घरी आणलं आणि मुद्दाम क्लाइडच्या खुर्चीसमोर ठेवलं. तो बराच वेळ टीव्ही बघत राहिला. मग म्हणाला, "हे बेअरिंग कुणी बसवलंय? आंधळ्यानं?" आणि हत्यारांची पेटी काढली. त्या मंगळवारी, चाक नीट बसतंय का ते बघायला म्हणून, तो पहिल्यांदा तळ्यावर आला. व्हर्जिल आणि तो एकमेकांशी फार बोलले नाहीत. दोघं गाडीखाली आडवे होऊन दुपारभर गुरगुरत होते, आणि संध्याकाळी निघताना क्लाइड म्हणाला, "माणूस बरा आहे. वेल्डिंग मात्र भिकार."

मग आली होकूलानी.

ही थोरली बहीण वर्षातून एकदा हिलोहून येई ती विमानतळावरूनच थेट कॅसिनोतल्या नाण्यांच्या यंत्रांकडे. देहानं भरभक्कम, आवाजानं त्याहून भक्कम. आठवडाभर खेळायचं, बैलाच्या शेपटीचं सूप प्यायचं, पुआला शेजारी बसवून गावगप्पा सांगायच्या आणि परत जायचं. दरवेळी पुआ सुट्टी काढून तिच्याजवळ बसे. या वेळी मात्र ती म्हणाली, "होकू, मंगळवारी मला जमायचं नाही. तू चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"तळ्यावर."

"पाणी आहे?"

"नाही."

"मग तळं कसलं? अगं, मी आख्खा समुद्र ओलांडून आले ते वाळलेला चिखल बघायला? ऊन लागलंय तुला, पुआ. आधीची बरी होतीस, निदान घरात असायचीस!"

हे वाक्य पुआला झोंबलं. तिनं गाडीच्या किल्ल्या उचलल्या आणि दाराकडे निघाली. ते पाहूनच होकू मऊ पडली असावी. धुसफुसत का होईना, गाडीत येऊन बसली.

तळ्यावर तिनं मुलू आणि क्लाइडच्या शेजारी घडीच्या खुर्चीत ठाण मांडलं. डोक्यावर विणलेली मोठी हॅट, हिलोच्या मावशीनं माडाच्या पात्यांची केलेली, तिच्या जिवाभावाची. एका हातात छत्री. पुआ हेल्मेट चढवून गाडीत आडवी झाली, तरी होकू दुसरीकडे बघत मुसुबी चावत होती.

आणि वाऱ्यानं एकाच फटक्यात छत्री उलटी केली, हॅट उचलली आणि चाकासारखी कडेवर उभी करून पळवली.

"माझी हॅट!" होकूचा आवाज त्या मोकळ्या मैदानात पार हद्दीपर्यंत गेला असेल. "पुआ! हॅट!"

पुआनं दोर खेचला. हॅट पुढे, गाडी मागे. वाऱ्याच्या पाठीवर बसून हॅट अशी काही पळत होती की जणू तिलाच परत जायचं नव्हतं. पुआ सरळ मागे लागली नाही. तिनं वारा आडवा घेतला, तसा वेग दुपटीनं वाढला. वळून ती हॅटच्या वाटेवर आली, एक चाक हवेत, अंग बाहेर झोकलेलं, डावा हात जमिनीला घासेल इतका खाली. पहिल्यांदा हुकलं. हॅटनं उडी मारली. पुआनं गाडी गर्रकन फिरवली आणि दुसऱ्या वेळी हॅटची कड बोटांत पकडली.

इकडे होकू खुर्चीवरून उठून उभी होती. हात वर, मुठी वळलेल्या, किनाऱ्यावरच्या होड्यांच्या शर्यतीत ओरडायची तशी ओरडत होती, "ओढ! ओढ! सोडू नकोस!" मुलूही तिच्या गळ्यात पडून ओरडत होती.

पुआनं हॅट आणून बहिणीच्या डोक्यावर ठेवली. होकूनं ती काढून क्लाइडच्या हातात दिली आणि म्हणाली, "हेल्मेट कुठाय?"

"तुला?"

"मग कुणाला? तू एकटीनंच मजा मारायची ठरवलीयस का?"

व्हर्जिलकडे दोन माणसांची एक गाडी होती. होकूला तिच्यात बसवायला तिघं लागले. क्लाइड घामाघूम होऊन म्हणाला, "चाकं टिकतील ना?"

"तुझं तोंड टिकेल का ते बघ," होकू म्हणाली.

त्या दिवशी वारा इतका माजला होता की हलकी माणसं गाड्या आडव्या टाकून बसली होती. दोघी बहिणी मात्र निघाल्या. होकूच्या वजनानं गाडी जमिनीला चिकटून राहिली आणि वेग असा घेतला की व्हर्जिलनं डोक्याचं फडकं काढून हातात धरलं. तळ्याच्या मध्यावर पुआनं दोर बहिणीच्या हातात दिला.

"मी? मला नाही येत!"

"येतं. ओढून बघ."

होकूनं ओढलं. शीड ताठ झालं आणि तिच्या तोंडून आधी किंकाळी आणि मग असं हसू बाहेर पडलं की पुआला बहिणीचं दहा-बारा वर्षांचं तोंड आठवलं. थोड्या वेळानं होकूच्या चष्म्याच्या आत पाणी साठलं.

"वारा लागला का डोळ्यांना?" पुआनं विचारलं.

"हो," होकू म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, "मेल्यांनी आपल्याला नुसतं बसवून ठेवलं गं! एवढी मजा स्वतःच घेत होते!"

"घेत होते खरे."

"पुढे बघ, वळायचं कसं ते सांग. गप्पा नंतर."

त्या आठवड्यात होकू यंत्रांकडे फक्त एकदा गेली, तेही पावसाचं चिन्ह होतं म्हणून. उरलेले सगळे दिवस तिनं पुआला, तिची पाळी संपली रे संपली की, आपल्याला घेऊन तळ्यावर जायला लावलं. विमानतळावर निरोप देताना तिचं नाक सोलून लाल झालं होतं आणि ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ते कौतुकानं दाखवत होती.

पुढच्या वसंतात पुआ नोकरीतून मोकळी झाली. सहकाऱ्यांनी केक कापला, मुलूनं भाषण करायचा प्रयत्न केला आणि मधेच रडली. त्याच महिन्यात होकूचा फोन आला. "मी येतेय. एकटी नाही. आमच्या नाचाच्या वर्गातल्या सगळ्या जणी येताहेत."

"सगळ्या? त्यांना झेपेल का?"

"तुला झेपतं ना? मग?"

त्या आल्या तेव्हा तळ्याकाठी भाड्याच्या गाडीतून एकेक आंटी उतरत गेली: कुणाचा गुडघा नवा बसवलेला, कुणाच्या कानात यंत्र, सगळ्यांच्या अंगात एकसारखे फुलाफुलांचे सदरे. व्हर्जिलनं त्यांच्याकडे पाहिलं, मग आपल्या गाड्यांकडे पाहिलं आणि क्लाइडला म्हणाला, "पुरणार नाहीत." क्लाइडनं शांतपणे आपल्या ट्रकवरचं ताडपत्रीचं झाकण काढलं. हिवाळाभर गॅरेजमध्ये जोडलेल्या आणखी दोन गाड्या तिथं होत्या, वेल्डिंग अगदी गुळगुळीत.

दिवसभर पाळ्या चालल्या. ज्यांची पाळी नव्हती त्या ताडपत्रीच्या सावलीत बसून मुलूचा आंबोळीसारखा इंजेरा तोडत होत्या, कॉफीवर फुंकर घालत होत्या आणि जी शिडाखाली असेल तिची मनसोक्त टिंगल करत होत्या. "अगं, ती बघ, वळायचं विसरली! चालली कॅलिफोर्नियाला!" "जाऊ दे, जेवायला येईल परत." नव्या गुडघ्याच्या आंटीनं उतरायला साफ नकार दिला, तिला दोघींनी ओढून काढावं लागलं.

शेवटी कानात यंत्र असलेली सगळ्यात थोरली आंटी राहिली. ती सकाळपासून नको नको म्हणत होती. पुआनं तिच्यासमोर बसून तिचे हातमोजे घट्ट केले, दोर हातात दिला आणि यंत्राशी तोंड नेऊन सांगितलं, "सावकाश ओढा. घाबरायचं नाही. मी शेजारून येतेच आहे."

"काय म्हणालीस?"

"ओढा!"

आंटीनं ओढलं. पुआ आपल्या गाडीकडे धावली, पण तिनं शीड आवळेपर्यंत थोरली आंटी पुढे निघून गेली होती, आणि उरलेल्या साऱ्या जणी खुर्च्या मागे सारून उभ्या राहून "ओढा! ओढा!" असं ओरडत होत्या.